अकरा दिवसांचं इंग्रजी

जोतिबाच्या डोंगरावर नारळ, गुलाल, दवणा विकणाऱ्याला कामापुरती कानडी येत असली, तर कोल्हापुरात कुणाला त्याचं नवल वाटत नाही. ती त्याला कुठल्या शाळेनं शिकवलेली नसते. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेला, माघातल्या खेट्यांना (पायी वाऱ्यांना) आणि एरवीही रविवारी कर्नाटकातून भाविक येतात, भाव विचारतात, घासाघीस करतात. हिशेब चुकला तर पदरचे पैसे जातात, म्हणून आकडे आधी पक्के होतात आणि बाकीची भाषा मागून येते. याच दुकानदाराचा मुलगा पहिलीपासून दहावीपर्यंत सलग दहा वर्षं इंग्रजी शिकतो. एवढं शिकून इंग्रजीतला एखादा साधा अर्ज तो कुणाला न विचारता भरेल, अशी खात्री मात्र घरात कुणी देत नाही. याचा दोष कधी शिक्षकाच्या माथी येतो, कधी पोराच्या. खरं कारण या दोघांच्याही बाहेर आहे. डोंगरावर कानडी बोलणारा माणूस रोज समोर येतो, इंग्रजी बोलणारा येत नाही. लॉजच्या पाट्या, बिस्किटांचे पुडे, दुकानात टांगलेला क्यूआर कोड यांवर इंग्रजी अक्षरं भरपूर दिसतात. पण ती वाचली नाहीत म्हणून कुणाचं काही अडत नाही. ज्या भाषेचा सगळा पुरवठा वर्गाच्या चार भिंतींतूनच व्हायचा, ती भाषा शिकणाऱ्यासाठी परकी असते. डोंगरावरचं वाडी रत्नागिरी, कुशिरे, केर्ली किंवा पन्हाळा तालुक्यातल्या कुठल्याही गावातल्या मुलासाठी इंग्रजी अशी परकी भाषा आहे. आपण मात्र ती शिकवतो मुंबई-पुण्याच्या कॉन्व्हेंटवर नजर ठेवून, जणू ती आसपास बोलली जाते आणि वर्गानं तिला फक्त वळण लावायचं आहे. माझ्या मते सगळी गफलत इथे आहे.

हिशेब मांडून पाहू. २००९च्या शिक्षणहक्क कायद्यानं पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० कामाचे दिवस ठरवून दिले. रोज इंग्रजीची चाळीस मिनिटांची एक तासिका धरली आणि एकही बुडाली नाही असं मानलं, तर वर्षाला साधारण १३३ तास होतात. मूल दिवसातले बारा तास जागं असतं. म्हणजे वर्षभराचं सगळं इंग्रजी एकत्र केलं, तर जागेपणीचे जेमतेम अकरा दिवस भरतात. हाही कागदावरचा आकडा. द्विशिक्षकी शाळेत एकेक शिक्षक दोन-तीन इयत्ता सांभाळतो तेव्हा त्या चाळीस मिनिटांतली निम्मी ‘तोवर तुम्ही लिहीत बसा’ यात जातात. प्रशिक्षणं, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं यांची वजावट वेगळीच. वर्गात इंग्रजीचं वातावरण तयार करा, असा सल्ला वरून येत राहतो आणि शाळा तो इमानानं पाळतात. भिंतींवर फळांची, प्राण्यांची, महिन्यांची इंग्रजी नावं रंगवली जातात. शनिवारी ‘इंग्लिश डे’ होतो. पण भिंत मुलाशी बोलत नाही. पहिल्या आठवड्यात ते ती नावं वाचतं आणि मग वर्षभर त्यांच्यासमोरून नुसतं जात-येत राहतं. वातावरण उभं करायला माणसं लागतात, आणि ती तर डोंगरावर नाहीत. हाती आहेत हे अकरा दिवस. त्यांतल्या मिनिटामिनिटाला मुलाच्या कानांवर आणि डोळ्यांसमोर त्याला कळेल असं इंग्रजी किती येतं, या एकाच मापानं मी वर्गातली प्रत्येक पद्धत मोजणार आहे.

या मापाकडे आपण कधी बघितलंच नाही, कारण आपला सगळा वाद वयाभोवती फिरला. स्वातंत्र्याच्या सुमारास बाळासाहेब खेरांच्या सरकारनं मुंबई प्रांतात इंग्रजी आठवीपर्यंत वर नेलं. पुढे ते पाचवीपर्यंत खाली आलं. २००० साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत ते पहिलीपासून सुरू झालं. तेव्हा केवढं रान उठलं होतं! मराठी बुडणार म्हणणारे एका बाजूला, आणि बहुजनांच्या पोरांना इंग्रजीपासून दूर ठेवण्याचा डाव मोडला म्हणणारे दुसऱ्या बाजूला. दुसऱ्या बाजूचा मुद्दा मला आजही बिनतोड वाटतो. १९१७ साली शाहू महाराजांनी याच करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करण्याचा हुकूम काढला, त्यामागेही ज्ञान मूठभरांच्या हाती राहू नये हाच विचार होता. पण हक्क मिळाला म्हणून भाषा येत नाही. संशोधक कार्मेन मुन्योस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बार्सिलोनात लहान वयात इंग्रजी सुरू केलेली मुलं आणि उशिरा सुरू केलेली मुलं यांची तुलना वर्षानुवर्षं केली. तिथेही इंग्रजी शाळेपुरतंच होतं. तास सारखे ठेवून पाहिलं तर उशिरा सुरुवात केलेली मोठी मुलं पुढे निघाली. लहान वयाचा फायदा मिळायला भाषा भरभरून कानावर पडावी लागते. आठवड्याच्या चार-पाच तासांत तो फायदा फळत नाही. पहिली की पाचवी हा वाद त्यामुळे अर्ध्यावरच फसतो. तास काय वयाला सुरू झाला यापेक्षा तासात काय झालं हे विचारायला हवं.

तासात काय होतं? अनेक वर्गांतलं ठरलेलं चित्र असं. शिक्षक पाठातलं एक वाक्य वाचतात, वर्ग ते सुरात म्हणतो, शिक्षक त्याचा मराठी अर्थ सांगतात, मुलं पेन्सिलीनं तो ओळीवर लिहून घेतात. पाठ संपला की फळ्यावर प्रश्नोत्तरं येतात. ती वहीत उतरतात आणि परीक्षेपूर्वी गाईडमधून पुन्हा पाठ होतात. स्पेलिंग अक्षर अक्षर सुटं करून घोकलं जातं. या सगळ्यात मुलाचं तोंड चालतं, हात चालतो, पण इंग्रजी वाक्याचा अर्थ स्वतः लावायची वेळ त्याच्यावर कधी येत नाही, कारण ते वाक्य कळायच्या आत त्याचं मराठी हातात पडतं. याचा परिणाम ग्रामीण मुलांचं शिकणं मोजणाऱ्या ‘असर’ सर्वेक्षणाच्या अहवालांत दिसतो. २०१६ साली ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी २४.७ टक्के मुलांना इंग्रजीतली साधी वाक्यं वाचता येत होती. २०२२ साली ते प्रमाण २४.५ टक्के निघालं. आठवीत ते ४५.३ वरून ४६.७ वर गेलं. हे आकडे देशाचे आहेत, कोल्हापूरचे नाहीत, आणि मधल्या काळात कोविडमुळे शाळा बंद होत्या हेही खरं. पण आठवीतल्या निम्म्याहून अधिक मुलांना साधं वाक्य वाचता येत नसेल, तर त्यांनी उत्तरपत्रिकेत लिहिलेली इंग्रजी उत्तरं आली कुठून, हा प्रश्न उरतोच.

इथे पहिला मोठा आक्षेप येतो, आणि तो प्रशिक्षणांतून इतक्या वेळा ऐकू येतो की आता शिक्षकांनाही तो स्वतःचाच वाटतो: मग वर्गातलं मराठीच बंद करा. हा उपाय मला रोगाहून वाईट वाटतो. वेल्समध्ये सी. जे. डॉडसन यांनी यावर प्रयोग केले आणि १९६७ साली आपली द्विभाषिक पद्धत मांडली. त्यांच्या रीतीत शिक्षक नव्या वाक्याचा अर्थ मुलांच्या भाषेत एकदा, झटकन सांगून मोकळा होतो. वाचलेला सगळा वेळ ते वाक्य बदलून, उलटवून, नव्या प्रसंगात वापरण्यात घालवतो. शेवटी मुलं स्वतःची वाक्यं करू लागतात. ‘उंबरठा’ हावभावांनी समजावण्यात पाच मिनिटं घालवण्यापेक्षा मराठीत सांगून पाच सेकंदांत संपवावं. आपल्या वर्गात मराठी वापरलं जातं यात काही वावगं नाही. वावगं हे की ते तासाच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत पुरतं, आणि इंग्रजीच्या वाट्याला फक्त सुरात म्हणणं उरतं. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पिढ्यान्‌पिढ्या इंग्रजी शिकल्या. त्या पद्धतीची टिंगल आता सोपी आहे. पण पाठमालेतला विद्यार्थी निदान स्वतः भाषांतर करत होता. आज ते गाईड करतं. पहिलीच्या एकात्मिक द्विभाषिक पुस्तकांत बालभारतीनं मराठीशेजारी इंग्रजी छापलं, ते या दृष्टीनं योग्यच आहे, फक्त दोन्ही भाषा पानावर शेजारी आल्या म्हणून त्या मुलाच्या डोक्यात आपोआप जोडल्या जात नाहीत.

वेळ वाचवला, तर तो कुठे घालायचा? माझं उत्तर आहे: वाचनात. यावर मला दोन पुरावे महत्त्वाचे वाटतात, आणि दोन्ही आपल्यासारख्याच परिस्थितीतून आलेले आहेत. पहिला जुना आहे. मायकेल वेस्ट हे ब्रिटिश शिक्षणाधिकारी ढाक्यात शिक्षक-प्रशिक्षणाचं काम करत होते. १९२६ साली बंगालमधल्या द्विभाषिकतेवर त्यांचं पुस्तक आलं. त्यांनी रोखठोक विचारलं की बंगाली खेड्यातल्या ज्या मुलाला आयुष्यात क्वचितच कुणाशी इंग्रजी बोलावं लागेल, त्याला आधी काय उपयोगी पडेल? त्यांचं उत्तर वाचन असं होतं. यासाठी त्यांनी विम्यातला एक शब्द उसना घेतला, सरेंडर व्हॅल्यू. हप्ते मध्येच थांबले तरी पॉलिसीचे काही पैसे हाती येतात, तसं शाळा मध्येच सुटली तरी शिकलेल्यातलं काहीतरी कामाचं हाती उरलं पाहिजे. बोलण्याचा सराव तिसऱ्या वर्षी सुटला तर काही उरत नाही. वाचता येऊ लागलेलं पोर मात्र पुढे स्वतःच्या बळावर वाचत राहू शकतं. दहावीनंतर घरच्या दुकानात बसणाऱ्या किंवा शिरोलीच्या, गोकुळ शिरगावच्या कारखान्यात जाणाऱ्या मुलाला हा विचार आजही लागू पडतो. मशीनवरची सूचना आणि बँकेचा संदेश वाचायलाच लागतो.

दुसरा पुरावा फिजी बेटांवरचा. वॉर्विक एली आणि फ्रान्सिस मंगुभाई यांनी तिथल्या ग्रामीण प्राथमिक शाळांत चौथी-पाचवीच्या वर्गांना प्रत्येकी सुमारे २५० सचित्र गोष्टींची पुस्तकं दिली. काही वर्गांत शिक्षक मोठ्या पुस्तकातून गोष्ट सगळ्यांबरोबर वाचत, काहींत मुलं रोज शांतपणे आपापलं वाचत. बाकीचे वर्ग नेहमीच्या वाक्यरचनांच्या सरावावर चालू राहिले. १९८३ साली छापलेला निष्कर्ष असा की पहिल्या वर्षातच पुस्तकवाल्या वर्गांची वाचनातली प्रगती जवळपास दुप्पट वेगानं झाली, आणि दुसऱ्या वर्षी तो फायदा लेखनापर्यंत, व्याकरणापर्यंत पोचला. व्याकरण वेगळं न शिकवता. फिजीच्या त्या मुलांच्या घरीही इंग्रजी नव्हतं. म्हणून हा प्रयोग पन्हाळा तालुक्याला लंडनच्या कुठल्याही प्रयोगापेक्षा जवळचा आहे. आपल्या चौथीतल्या मुलाच्या हाती वर्षभरात किती इंग्रजी पानं पडतात? पाठ्यपुस्तक एक. ते जूनमध्ये मिळतं आणि एप्रिलपर्यंत तेच पुरवायचं. एवढ्या पानांत कुठलीच भाषा येत नाही, मग पुस्तक कितीही चांगलं असो.

पण कुठली पुस्तकं? इथे एक मराठी नाव आठवतं. १९७९ साली मार्गारेट स्टेफनसन, चित्रा जोगदेव आणि रिचर्ड अँडरसन यांनी भारतीय आणि अमेरिकी वाचकांना दोन पत्रं वाचायला दिली, दोन्ही इंग्रजीत. एकात भारतीय लग्नाचं वर्णन होतं, दुसऱ्यात अमेरिकी. भाषा सारखीच अवघड असूनही प्रत्येक गटानं आपल्याकडच्या लग्नाचं पत्र भराभर वाचलं, त्यातलं जास्त लक्षात ठेवलं, आणि परक्या लग्नाच्या तपशिलांचा मात्र भलताच अर्थ लावला. वाचणारे प्रौढ आणि इंग्रजी येणारे होते. चौथीच्या मुलाला तर माहितीचा आधार याहून जास्त लागणार. सासनकाठी कोण नाचवतं, ती उंच का, पाडळीची आणि विह्याची काठी कुठून येते, यात्रेनंतर पायऱ्यांवरचा गुलाल कसा धुतात, हे डोंगरावरच्या मुलाला पाठ आहे. याच विषयावर दहा सोप्या इंग्रजी ओळी लिहिल्या, तर त्यातले सात शब्द नवे असूनही मूल अर्थ गाठतं, कारण अर्धी गोष्ट त्याच्या डोक्यात आधीच आहे. बर्फाचा माणूस करणाऱ्या टॉमच्या गोष्टीत त्याला भाषा आणि बर्फ दोन्ही एकदम शिकावे लागतात. टॉम पुढे येऊ दे, त्याला माझी ना नाही. पण सुरुवात डोंगरावर येणाऱ्या गायमुखाच्या वाटेनं व्हावी.

वाचनाच्या जोडीला एक दुसरी गोष्ट लागते: अर्थ लावण्याचं निमित्त. ती गोष्ट दाखवणारा प्रयोग परदेशात नव्हे, बंगळूर आणि मद्रासकडच्या साध्या शाळांत झाला. स्वातंत्र्यानंतर देशातल्या इंग्रजी-शिक्षणाला दिशा देण्यासाठी १९५८ साली हैदराबादला केंद्रीय इंग्रजी संस्था निघाली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य राहिलेले कन्नड कवी विनायक कृष्ण गोकाक पुढे तिचे संचालक झाले. त्या काळी वाक्यरचना क्रमानं घोटून घ्यायच्या पद्धतीचा जोर होता. त्या पद्धतीच्या मर्यादा दिसू लागल्यावर एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात उलटा रस्ता धरला: व्याकरणाचा अभ्यासक्रमच ठेवायचा नाही, रोज मुलांना एक कोडं द्यायचं, ते सोडवताना भाषा आपसूक वापरली जाईल. वेळापत्रक, नकाशा, किमतींचा तक्ता हे त्यांचं साहित्य. जोतिबाच्या शाळेत असा तास कसा होईल? शिक्षक फळ्यावर कोल्हापूरहून सुटणाऱ्या तीन बसच्या वेळा लिहितात: सव्वासात, साडेआठ, दहा. खाली एक ओळ, बसला पन्नास मिनिटं लागतात आणि स्टँडपासून दुकानापर्यंत चालायला दहा. मग इंग्रजीत प्रश्न: आजीला साडेनऊच्या आधी दुकान उघडायचं आहे, तिनं कुठली बस धरावी? अर्धा वर्ग ‘एट थर्टी’ म्हणतो. कुणीतरी बोटांवर मोजतो आणि ओरडतो की ती बस धरली तर बरोबर साडेनऊ वाजतात, आधी नाही. आता भांडण सुरू. ते मराठीत होणार, होऊ द्यावं. शिक्षक फक्त एवढंच धरून बसतात की शेवटचं उत्तर आणि त्याचं कारण इंग्रजीत हवं, मोडकं चालेल. मग ते एक आकडा बदलतात, दुकान दहाला उघडायचं करतात, आणि वर्ग पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचू लागतो. वीस मिनिटांत तीच चार इंग्रजी वाक्यं मुलांनी दहा-बारा वेळा वाचली, आणि एकदाही कुणी ‘म्हणा माझ्यामागून’ म्हटलं नाही.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप शिक्षकाबद्दलचा आहे, आणि तो टाळून चालणार नाही. प्रभूंच्या प्रकल्पाचं मूल्यमापन अ‍ॅलन बेरेटा आणि अ‍ॅलन डेव्हिस यांनी केलं. निष्कर्ष साधारण अनुकूल होते. पण पुढे बेरेटांनीच दाखवलं की नेहमीच्या शाळाशिक्षकांपैकी अनेकांना ही पद्धत नीट पेलली नाही. कोड्यावर मुलं काय बोलतील याचा नेम नसतो; तेव्हा शिक्षकाला तिथल्या तिथे इंग्रजी सुचावं लागतं. पाठ्यपुस्तक आणि गाईड यांचा आसरा सुटतो. हा आक्षेप मला मान्य आहे, म्हणूनच वाचन आधी आणि कोडं नंतर असा क्रम मी धरतो. मोठ्यानं गोष्ट वाचून दाखवायला अस्खलित बोलावं लागत नाही, ती आदल्या दिवशी दोनदा वाचून तयारी करता येते. दहा पुस्तकं झाली की शिक्षकाचंही इंग्रजी सुधारतं. राज्य सरकार, टाटा ट्रस्ट्स आणि ब्रिटिश कौन्सिल यांच्या ‘तेजस’ प्रकल्पात काही जिल्ह्यांतल्या शिक्षकांचे छोटे गट नियमित एकत्र बसून एकमेकांच्या तासांवर बोलत असत. सभागृहात शंभर जणांना स्लाइड दाखवण्यापेक्षा हे कितीतरी बरं. शाळांच्या केंद्रातल्या शिक्षण परिषदेचा अर्धा तास परिपत्रकं वाचण्याऐवजी एक इंग्रजी गोष्ट वाचून दाखवण्यात गेला, तर त्याला वेगळा निधी लागत नाही.

पालकांचं म्हणणं वेगळं असतं. त्यांना पोरगं फाडफाड बोलायला हवं आहे, आणि ते तसं बोलेल म्हणून मिनीबसमध्ये बसवून त्याला खाली इंग्रजी माध्यमाच्या शाळेत धाडायची त्यांची तयारी असते. ही इच्छा हलकी लेखण्याचा अधिकार ज्यांची मुलं आधीच इंग्रजी बोलतात त्यांना तर नाहीच. पण माध्यम बदलल्यानं भाषेचा पुरवठा किती वाढतो? वर्गातले शिक्षक आणि मित्र मराठीच बोलणारे असतील तर पुस्तक तेवढं बदलतं, आणि विज्ञान-परिसर अभ्यासाची उत्तरंही पाठ करायच्या यादीत जमा होतात. सेमी-इंग्रजीचं निदान हे बरं की गणित-विज्ञानातले थोडे शब्द पुन्हा पुन्हा येतात आणि इतिहास मुलाला कळतो. बोलण्याचं म्हणाल, तर आत साठा असल्याशिवाय जिभेवर काही येत नाही. तीस वाक्यं पाठ केलेलं मूल स्नेहसंमेलनात टाळ्या घेतं आणि एकतिसाव्या वाक्याला थांबतं. मोबाइलवरचे व्हिडिओ? ते पुरवठा वाढवतात हे मी मान्य करतो, किंबहुना पुढच्या दहा वर्षांत डोंगरावरच्या मुलाला सर्वांत जास्त इंग्रजी तिथूनच ऐकायला मिळेल. पण बहुतेक मुलं चित्रावरून गोष्ट समजून घेतात आणि आवाज नुसता वाहून जातो. तोच व्हिडिओ वर्गात आवाज न लावता एकदा दाखवून ‘आता तो काय म्हणत असेल’ असं विचारलं आणि मग आवाज लावला, तर कान उघडतात.

राहिली परीक्षा. दिवाळीनंतरच्या शाळेत वेगळं काही करायचं म्हटलं की शिक्षक तिचंच नाव काढतात, आणि डोंगरावर तर चैत्र पौर्णिमेची यात्राही नेमकी वार्षिक परीक्षेच्या तोंडावर येते. अभ्यासक्रम पूर्ण कधी करायचा? याला उत्तर बोर्डाच्याच कृतिपत्रिकेत आहे. दहावीच्या इंग्रजीत पाठ्यपुस्तकाबाहेरचा, आधी न पाहिलेला उतारा येतो. त्याचं गाईड निघू शकत नाही. ज्या मुलानं सातवी-आठवीपर्यंत शे-दोनशे पातळ पुस्तकं चाळली आहेत ते या उताऱ्याला घाबरत नाही, आणि ज्यानं फक्त प्रश्नोत्तरं उतरवली आहेत ते त्याच्यापाशी अडतं. अशी पातळ पुस्तकं बाजारातून आणायची गरज नाही. जिल्हा शिक्षण आणि प्रशिक्षण संस्थेनं (डाएट) दोन-तीन केंद्रांतले शिक्षक बसवून आपल्या परिसरावरची, दर पानाला दोन ओळी आणि एक चित्र अशी, वर्षाला चाळीस पुस्तकं लिहून घेतली, भाषा एकदा तपासून घेतली आणि साध्या कागदावर छापून तालुक्यात फिरवली, तर त्याचा खर्च भिंती रंगवण्याच्या खर्चात बसावा. चित्रं मुलंच काढतील. पहिलं पुस्तक खेट्यांवर करता येईल: पंचगंगा घाटापासून वडणगे, निगवे, कुशिरे, गायमुख करत डोंगरापर्यंत, एका पानाला एक थांबा.